खरखरींतून निरोप

श्रोतेहो, घरांतील रेडिओची कळ फिरवितांना गाण्याच्या आधीं किंवा भाषणाच्या मध्येंच जी खरखर कानीं येते, तिच्याकडे आपण केवळ एक उपद्रव म्हणून पाहतों. पावसाळ्यांत कोठें वीज चमकली कीं वक्त्याचें निम्में वाक्य त्या खरखरींत बुडून जातें. आज जी हकीकत मी सांगणार आहें ती अशाच एका खरखरीची आहे. मात्र ती रेडिओंतील नव्हे, तर प्रकाशाच्या एकेका कणावरून पाठविल्या जाणाऱ्या निरोपांतील आहे. मी विज्ञानाचा पंडित नव्हें. मॅट्रिकपर्यंत शिकलों, आणि पुढें सारी हयात शाळेंत इतिहास शिकविण्यांत गेली. तेव्हां या विषयाकडेही मी इतिहासाच्याच दृष्टीनें पाहणार. १९९३ सालीं कागदावर जन्मलेली एक निर्दोष कल्पना या सदोष जगांत उतरली, तेव्हां तिचें काय झालें, हा तो इतिहास होय.

त्या कल्पनेचें नांव ‘क्वांटम टेलिपोर्टेशन’. यांतील ‘टेलिपोर्टेशन’ हा शब्द मूळचा शास्त्रज्ञांचा नव्हे. चार्ल्स फोर्ट नांवाच्या अमेरिकन लेखकानें १९३१ सालीं तो अद्भुत घटनांच्या वर्णनासाठीं बनविला. पुढें कथाकादंबऱ्यांनीं एका ठिकाणीं अदृश्य होऊन दुसरीकडे प्रकट होणाऱ्या माणसांसाठीं तो रूढ केला. पदार्थविज्ञानांतील टेलिपोर्टेशन याहून पुष्कळ विनम्र आहे. त्यांत वस्तु जात नाहीं. वस्तूची अवस्था तेवढी जाते. प्रकाशकणाच्या कंपनाची दिशा उभी, आडवी किंवा तिरपी असूं शकते. ही दिशा म्हणजे त्या कणाची अवस्था, असें आज आपल्यापुरतें समजूं.

आतां कोणी विचारील, एवढ्यासाठीं खटाटोप कशाला? कणाची दिशा पाहावी आणि तारेनें कळवावी! पण अडचण तेथेंच आहे. अज्ञात अवस्थेंतील एकच कण हातीं असेल, तर त्याची पूर्ण अवस्था कोणत्याही मापनानें वाचतां येत नाहीं; मापन करतांच ती बदलून जाते. बरें, आधीं कणाच्या दहा नकला काढून मग सावकाश मोजमाप करावें, तर तेंही शक्य नाहीं. १९८२ सालीं विल्यम वूटर्स व वोजिएख झुरेक या जोडीनें, आणि स्वतंत्रपणें डेनिस डीक्स यांनीं, अज्ञात अवस्थेची तंतोतंत नक्कल काढणें निसर्गनियमांनींच अशक्य आहे, असें सिद्ध केलें. परीक्षेंत नक्कल करूं नये असा नियम आम्ही शिक्षकही करीत असूं, आणि तो दरवर्षीं मोडला जात असे. निसर्गाचा नियम मात्र कोणालाही मोडतां येत नाहीं.

या कोंडींतून वाट काढणारें साधन फार पूर्वींच हातीं आलेलें होतें. १९३५ सालीं आइन्स्टाइन, पोडोल्स्की व रोझेन यांनीं असें दाखविलें कीं, क्वांटम सिद्धान्त खरा मानल्यास दोन कण एकमेकांशीं अशा रीतीनें बांधले जाऊं शकतात कीं, ते कितीही दूर गेले तरी एकावरील मापनाचा दुसऱ्यावरील मापनाशीं अचूक मेळ बसतो. आइन्स्टाइन यांना ही गोष्ट सिद्धान्तांतील उणीव वाटली. त्याच वर्षीं श्रोडिंगर यांनीं या नात्याला नांव दिलें. आपण त्याला ‘गुंफण’ म्हणूं. पुढें १९६४ सालीं जॉन बेल यांनीं या वादाचा निवाडा प्रयोगानें करण्याची कसोटी सांगितली. त्या कसोटीवर प्रयोग करून गुंफण सत्य ठरविण्याच्या कार्याबद्दल आस्पे, क्लाउझर व त्साइलिंगर या तिघांना २०२२ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

१९९३ सालीं बेनेट, ब्रासार, क्रेपो, जोझा, पेरेस व वूटर्स या सहा जणांनीं एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यांतील युक्ति अशी : पाठविणारा व घेणारा यांनीं गुंफलेल्या जोडीचा एकेक कण आधींच आपल्यापाशीं ठेवावा. ज्याची अवस्था पाठवावयाची तो अज्ञात कण आणि आपल्या वांट्याचा कण, या दोहोंचें पाठविणाऱ्यानें मिळून एक मापन करावें. या मापनाचीं उत्तरें चारच संभवतात. चारांपैकीं कोणतें उत्तर आलें एवढेंच त्यानें साध्या तारेनें अगर रेडिओनें कळवावें. तें ऐकून घेणाऱ्यानें आपल्या कणावर ठराविक चार क्रियांपैकीं एक करावी, कीं मूळ अवस्था त्याच्या कणावर जशीच्या तशी अवतरते. मूळ कणाची अवस्था मापनांत नष्ट झालेली असते, म्हणून नक्कल न करण्याचा नियम अबाधित राहतो. आणि साधा निरोप पोंचल्यावांचून कांहींच साधत नाहीं, म्हणून प्रकाशाहून अधिक वेगानें बातमी पाठविण्याचा प्रश्नही उद्भवत नाहीं. कागदावर या युक्तीला शंभरांपैकीं शंभर गुण.

परंतु हे शंभर गुण एका अटीवर होते : गुंफण निर्दोष पाहिजे. वास्तविक गुंफलेले कण कांचेच्या तंतूंतून, हवेंतून, उष्णतेच्या व कंपनाच्या माऱ्यांतून जातात, आणि वाटेंत त्यांचें नातें विरत जातें. यालाच मी खरखर म्हणतों. साध्या तारायंत्रांत असा प्रसंग आला तर संदेश वाटेंत पुन्हा जोरकस करून पुढें धाडतां येतो. येथें ती सोय नाहीं. कारण जोरकस करणें म्हणजे एकाच्या अनेक नकला करणें, आणि नकलेला तर बंदी!

जोर लावून खरखर हटत नाहीं, हा धडा तसा जुना आहे. १८५८ सालीं अटलांटिक महासागराच्या तळाशीं पहिली तार पडली तेव्हां व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे जाण्यास सुमारें सोळा तास लागले. संदेश पुसट येतात म्हणून व्हाइटहाउस नांवाच्या अधिकाऱ्यानें तारेंत अतिशय प्रबळ दाबाची वीज सोडली. परिणाम असा झाला कीं थोड्याच आठवड्यांत ती तार कायमची मुकी झाली. विल्यम थॉमसन यांचा मार्ग उलट होता. क्षीण संदेशही टिपूं शकेल असें नाजूक आरशाचें यंत्र त्यांनीं बनविलें. १८६६ सालीं जी तार यशस्वी झाली, तिच्यामागें हीच दुसरी दृष्टि होती.

या ठिकाणीं माझी स्वतःची एक आठवण सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. नोकरीच्या आरंभीं मी ज्या शाळेंत होतों तिची एक भिंत तांबटआळीला लागून होती. दिवसभर हातोड्यांचे घाव चालत. शुद्धलेखन सांगतांना मी आवाज चढवीत असें. माझा घसा बसे, पण मुलांच्या चुका कमी होत नसत. खिडकीशीं बसणारा एक मुलगा तर तीन परीक्षांत सतत नापास झाला, आणि ‘बुद्धीनें सुमार’ असा शेरा मीं त्याच्या प्रगतिपुस्तकावर लिहिला. एकदां एका वयोवृद्ध सहकाऱ्यांनीं मला हंसत विचारलें, “गुरुजी, तुम्ही मुलांना ऐकवितां, पण हातोडे कधीं ऐकलेत काय?” मीं ऐकले. तांबट एका लयींत घाव घालीत, आणि भांडें फिरवून घेतांना घटकाभर थांबत. त्या दिवसापासून मी त्या विसाव्यांत वाक्यें सांगूं लागलों. खिडकीशीं बसणारा मुलगा पुढच्या परीक्षेंत उत्तीर्ण झाला. मुलगा तोच, भिंत तीच, हातोडेही तेच. चुकत होता तो मी. ही आठवण ध्यानांत ठेवून आपण पुन्हा आपल्या इतिहासाकडे वळूं.

खरखरीशीं झुंजावयाचें तर आधीं यश मोजण्याचें माप हवें. घेणाऱ्याच्या हातीं आलेली अवस्था मूळ अवस्थेशीं किती जुळते, यास आपण ‘गुण’ म्हणूं. केवळ अंदाजानें उत्तर दिलें तरी सरासरी निम्मे गुण पडतात. गुंफण मुळींच न वापरतां, कण मोजून त्याची वार्ता तारेनें धाडली, तर अधिकांत अधिक दोन-तृतीयांश, म्हणजे शंभरांत सुमारें ६६.७ गुण मिळतात. ही मर्यादा सांदू पोपेस्कू यांच्या १९९४ च्या, आणि सर्ज मासार यांच्यासह लिहिलेल्या १९९५ च्या निबंधानें स्पष्ट झाली. तेव्हांपासून दोन-तृतीयांश हीच या परीक्षेची उत्तीर्ण होण्याची रेषा ठरली. तिच्यावर गेलें तरच खरें टेलिपोर्टेशन. खालीं राहिलें तर साधी तारही तेंच काम करूं शकली असती.

पोपेस्कू यांच्या पहिल्या निबंधांत एक आशेची गोष्टही होती. निर्दोष गुंफणींत सरसकट खरखर मिसळली, तर निर्दोष भाग एक-तृतीयांशाहून किंचितही अधिक उरला असतां उत्तीर्ण होतां येतें. यांतील कांहीं जोड्या बेल यांच्या कसोटीवर कसलेंच वैशिष्ट्य दाखवीत नव्हत्या. एका परीक्षेंत निस्तेज ठरलेली जोडी दुसऱ्या परीक्षेंत उपयोगी पडली!

यानंतर खरखरीवर पहिला मोठा उपाय आला तो १९९६ सालीं. बेनेट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें दाखविलें कीं, खरखरीनें मलिन झालेल्या पुष्कळ जोड्या घेऊन, त्यांतील कांहींचा बळी देऊन, थोड्या पण शुद्ध जोड्या गाळून काढतां येतात. उंसाच्या मोठ्या भाऱ्यांतून हंडाभर रस निघावा, तसा हा प्रकार. उपाय खरा, पण खर्चिक. जोड्या मुबलक हव्यात आणि त्या गाळून होईपर्यंत जपूनही ठेवावयास हव्यात.

दरम्यान कल्पना प्रयोगशाळेंत उतरली होती. १९९७ च्या डिसेंबरांत ऑस्ट्रियांतील इन्सब्रुक येथील त्साइलिंगर यांच्या मंडळींनीं, आणि लगेच १९९८ सालीं रोम येथील दि मार्तिनी यांच्या मंडळींनीं, प्रकाशकणांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. इन्सब्रुकच्या प्रयोगांत चारांपैकीं एकच उत्तर ओळखतां येत होतें. शिवाय ब्राउनस्टीन व किंबल यांनीं जाहीर आक्षेप घेतला कीं, कित्येकदां घेणाऱ्याकडे कणच पोंचत नाहीं, आणि यशाची खात्री कण टिपून नष्ट केल्यावरच होते. असे फसलेले प्रसंग जमेस धरले तर गुण घसरतात. इन्सब्रुककरांनीं त्यास उत्तर दिलें, आणि आलेला कण नष्ट न करतां मोकळा पुढें जाऊं देणारा सुधारलेला प्रयोग २००३ सालीं प्रसिद्ध केला. मला या वादांत कटुतेपेक्षां शिस्त अधिक दिसते. गुण कोणत्या उत्तरपत्रिकांवर मोजले हें विचारण्याचा अधिकार परीक्षकाला असलाच पाहिजे.

आतां या कथेचा गाभा. पोलंडमधील गदान्स्क शहरीं होरोदेत्स्की नांवाचें एक घराणें आहे. वडील रिशार्द आणि त्यांचे पुत्र मिखाउ व पावेउ हे तिघेही याच विषयाचे अभ्यासक. १९९९ सालीं या तिघांनीं एक सुटसुटीत नियम दिला. हातांतील जोडीचें निर्दोष गुंफणीशीं जेवढें साम्य असेल त्याची दुप्पट करावी, त्यांत एक मिळवावा व तिनांनीं भागावें. जें येईल ते सरासरी गुण. साम्य पूर्ण असेल तर गुण पूर्ण; साम्य निम्में असेल तर बरोबर दोन-तृतीयांश, म्हणजे काठावर. निम्म्याच्या खालीं जी जोडी गेली ती नापास, असेंच कोणीही यावरून म्हणेल.

परंतु पुढच्याच वर्षीं, म्हणजे २००० सालीं, या तिघांनीं बादझ्यांग यांच्यासह एक चमत्कारिक गोष्ट उघडकीस आणली. अशा नापास ठरणाऱ्या कांहीं जोड्यांपैकीं एका कणाला जाणूनबुजून परिसराच्या खरखरींत आणखी सोडलें, तर गुण वाढतात, आणि रेषेच्या वर जातात! खरखर कमी करून नव्हे, वाढवून. हें कसें? खरखरीच्या अनेक जाती आहेत. एक जात अवस्था उलटी करते, दुसरी तिचा अंतर्गत मेळ बिघडविते, तिसरी सर्व बाजूंनीं सारखा धुरळा उडविते, आणि चौथी कणाची ऊर्जा हळूहळू गळूं देते. ही चौथी जात जोडी एकीकडे कलती करते. बैलगाडीचा एक बैल लंगडूं लागला तर दुसऱ्याला चाबूक मारून गाडी नीट चालत नाहीं. उलट त्याचाही वेग आवरावा लागतो. शक्ति कमी होते, पण गाडी सरळ जाते. तसेंच येथें होतें. दुसऱ्या कणालाही बेताचें झिजूं दिलें असतां एकंदर गुंफण वाढत नाहीं, परंतु उरली-सुरली गुंफण कामास येईल अशा आकारांत बसते.

या विचाराला पूर्णत्व आलें २००३ सालीं. बेल्जियमचे फ्रांक व्हेर्स्ट्राते व हेन्री व्हेर्शेल्डे यांनीं सिद्ध केलें कीं, दोन-अवस्थी कणांची कोणतीही जोडी घ्या; तिच्यांत गुंफणीचा लेशही खरोखर शिल्लक असेल, तर तिला उत्तीर्ण करणारी रीत अस्तित्वांत असतेच. घेणारा वा पाठविणारा यांपैकीं एकानें आपल्या कणाला एका चाळणींतून जाऊं द्यावें. ती चाळणी त्या जोडीच्या कलतेपणास अनुरूप अशी गणितानें ठरवितां येते. कण पार झाला तर उरलेली जोडी सुधारलेली असते. पार न झाला तर त्या जागीं ठराविक साधी अवस्था ठेवून काम उरकावें. यशापयशाचे सर्व प्रसंग प्रामाणिकपणें जमेस धरूनही सरासरी दोन-तृतीयांशाच्या वर जाते. एकही फसलेली उत्तरपत्रिका लपवावी लागत नाहीं, हें यांतील विशेष.

२०१५ सालीं ब्राझीलमधील फोर्तेस व रिगोलिन यांनीं प्रत्येक कणाला कोणत्या जातीची खरखर लागली असतां काय होतें, याचा पद्धतशीर तपशील मांडला. खरखर अटळच असेल, तर सर्व कणांना एकाच जातीची लागण्यापेक्षां निरनिराळ्या जातींची लागलेली कित्येकदां अधिक हितावह ठरते, असा त्यांचा निष्कर्ष होता. कांट्यानें कांटा काढावा, ही आपली म्हण त्यांना ठाऊक असण्याचें कारण नाहीं. पण त्यांच्या समीकरणांनीं तीच सांगितली.

सिद्धान्त असा प्रगल्भ होत असतां प्रयोगही घराबाहेर पडले. २००४ सालीं व्हिएन्ना येथें डॅन्यूब नदीखालच्या भुयारांतील गटारमार्गांतून कांचेचा तंतु नेऊन ६०० मीटर अंतरावर टेलिपोर्टेशन साधलें. कांचेंत प्रकाशाची गति मंदावते, म्हणून नदीवरून रेडिओनें पाठविलेला साधा निरोप कणाच्या आधीं पोंचे आणि योग्य ती क्रिया करण्यास अवसर मिळे. २०१२ सालीं कॅनरी बेटांपैकीं ला पाल्मा ते तेनेरीफे या १४३ किलोमीटर समुद्रावरून सुमारें ८६ गुण मिळाले. २०१७ सालीं चिनी शास्त्रज्ञांनीं तिबेटांतील न्गारी येथील उंच ठाण्यावरून ‘मिशियस’ उपग्रहाकडे १४०० किलोमीटरपर्यंत अवस्था पाठविल्या. सरासरी गुण ८०. जमिनीलगतची दाट हवा टाळावी म्हणूनच ठाणें एवढें उंच निवडलेलें होतें.

२०२२ सालीं हॉलंडमधील डेल्फ्ट येथें जीं दोन टोकें एकमेकांशीं थेट जोडलेलीं नव्हतीं, त्यांच्या दरम्यान मधल्या ठाण्याच्या साहाय्यानें हिऱ्यांतील सूक्ष्म दोषांचा उपयोग करून टेलिपोर्टेशन झालें. गुण सुमारें ७०. उत्तीर्ण रेषा ६६.७ आणि मिळाले ७०! हे तीन-साडेतीन गुण मिळविण्यासाठीं स्मृतींत ठेवलेल्या अवस्थेचें रक्षण, खोट्या इशाऱ्यांची निवड आणि मापनाचें पुनःपुन्हा वाचन, अशी एकेक खरखर शोधून तिचा वेगळा बंदोबस्त करावा लागला. काठावर उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्याचे श्रम कधींकधीं पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याहून मोठे असतात, हें कोणताही शिक्षक सांगेल.

आणि २०२४ सालीं अमेरिकेंतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांत प्रेम कुमार यांच्या मार्गदर्शनाखालीं झालेला प्रयोग ऐकून तर मला तांबटआळीच आठवली. ३० किलोमीटर लांबीच्या ज्या तंतूंतून दर सेकंदास ४०० गिगाबिट एवढी इंटरनेटची रहदारी चालू होती, त्याच तंतूंतून एकेका प्रकाशकणाचें टेलिपोर्टेशन त्यांनीं केलें. रहदारी थांबविली नाहीं, कणाचा आवाज चढविला नाहीं. त्या रहदारीच्या प्रकाशाचा विखुरलेला धुरळा कोणत्या तरंगलांबीवर कमी असतो हें त्यांनीं आधीं अभ्यासिलें, आणि आपला कण त्या शांत पट्ट्यांतून नेऊन पुढें बारीक गाळण्या लावल्या. हातोड्यांच्या दोन घावांमधला विसावाच त्यांनीं शोधला, असें मला वाटलें.

श्रोतेहो, तीस वर्षांच्या या इतिहासांत माणसें जागच्या जागीं अदृश्य झालीं नाहींत कीं दूर प्रकट झालीं नाहींत. जें झालें तें एवढेंच कीं, ६६.७ च्या रेषेवर आणखी कांहीं गुण, आणखी कांहीं किलोमीटर, आणि खरखरीच्या स्वभावाची आणखी थोडी ओळख. पण २००३ सालचा तो सिद्धान्त वाचल्यापासून मला एक गोष्ट स्वस्थ बसूं देत नाहीं. नातें कितीही विरलेलें असो, त्याचा धागा खरोखर शिल्लक असेल तर तें टाकाऊ नसतें. त्याला अनुरूप रीत शोधावयाची राहिलेली असते. खिडकीशीं बसणाऱ्या त्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर मीं जो शेरा लिहिला होता, तो मला पुढें खोडतां आला नाहीं. पुस्तक त्याच्या घरीं गेलें होतें. आज एवढेंच म्हणतों कीं, तो शेरा मुलाचा नव्हता, भिंतीपलीकडच्या खरखरीचा होता, आणि ती न ऐकणाऱ्या त्याच्या मास्तरांचा होता.